तीस मोज, अंगद

मशीन म्हणालं, शून्य.
मशीनला दारूच तेवढी कळते,
नळीत फुंकलं की आकडा दाखवायचा, एवढंच त्याचं शिक्षण.
फॉर्मातही एकच रकाना : मद्य, आहे किंवा नाही.
मी 'नाही'वर खूण केली
आणि पेन खाली ठेवता ठेवता वर बघितलं.

हिंजवडी, फेज तीन, रात्रीचे पावणेदोन.
डिसेंबर. गेटवर ओव्हाळ मावशी दोन मफलर गुंडाळून,
आणि अंगद सानपच्या कानशिलावरून घाम.

मी काही डॉक्टर नाही.
ट्रान्सपोर्ट डेस्कवर सहा वर्षं बसते,
किल्ल्या देते, ट्रिपशीट लिहिते, टायर बघते.
टायर बघता बघता माणसंही बघायची सवय लागली.
मोतीबिंदूच्या तपासणीआधी आईच्या डोळ्यांत थेंब घालून
बाकावर बसवलं होतं तासभर,
तपकिरी रंग कडेला सरकलेला,
मध्ये नुसती विहीर.
तसे डोळे. ट्यूबलाइट थेट तोंडावर असताना.

जीभ सारखी ओठांवरून.
दाढा एकमेकींवर, काहीतरी भरड दळत असल्यासारख्या.
आणि एरवी 'हो मॅडम'च्या पुढे न जाणारा अंगद
आज पाटोद्याच्या भावकीपासून धाकटीच्या दाखल्यापर्यंत
एका दमात, स्वल्पविरामही न देता.

म्हटलं, डोळे मिट. तीस सेकंद झाले की सांग.
हसला. "खेळ आहे का मॅडम?"
खेळच समज.

भिंतीवरचा लाल काटा बारावरून निघाला.
मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या,
आत कुणीतरी पळत होतं.
"झाले."

तेरा.

तेरा सेकंदांत त्याचे तीस झाले होते.
सतरा सेकंद तो आमच्या पुढे निघून गेला होता,
एकटाच,
आणि त्याच्या मागे बसणार होत्या चौघी :
वारज्याची एक, कात्रजच्या दोन,
आणि आंबेगावची ती नवी मुलगी, जी बसल्या बसल्या
शाल डोक्यावरून घेऊन झोपते.
दारही नीट लागलेलं नसतं तेव्हा.
चांदणी चौक, मग नवले पूल,
जिथे ट्रकवाला ब्रेक दाबतो
आणि ब्रेक विचार करत बसतो.

किल्ली मी मुठीत धरली.
"काय घेतलंस?"
"चहा."
"अंगद."
मग वरच्या खिशातून चंदेरी पट्टी,
दहातली सात घरं फुटलेली. नाव खरवडलेलं.
"झोप येत नाही याने.
झोप यायलाच नको ना, मॅडम?
सकाळी शाळेची व्हॅन, दुपारी एअरपोर्ट, रात्री तुमची.
मालकच देतो. पगारातून कापतो."

फॉर्मात यालाही रकाना नव्हता.
शून्याच्या शेजारी, समासात, मी लिहिलं : तेरा.
सकाळी साहेब विचारतील, तेरा म्हणजे काय.

दुसरी गाडी यायला पन्नास मिनिटं लागली.
चौघींनी तक्रार केली, रीतसर, ई-मेलने.
शालवालीची सगळ्यात लांब.

अंगद केबिनमागच्या बाकावर बसला,
गुडघा शिवणयंत्रासारखा चालू.
ओव्हाळ मावशींनी एक मफलर काढून दिला.
त्याने घेतला, गुंडाळला नाही.
"आजची ट्रिप कापणार?"
हो.
"आणि उद्याची?"

तो उत्तराची वाट बघत होता की नाही, कळलं नाही.
सगळे गेल्यावर मी काट्याकडे बघून डोळे मिटले
आणि मनात मोजायला लागले.
तीस झाले असं वाटून उघडले,
तर अठ्ठेचाळीस.

मीही काल दुपारपासून डेस्कवरच होते.